ह्यो माजा नाय

माझ्या कामात कुणी चूक काढली की मला राग येतो. साठी उलटली तरी येतो. पूर्वी तो चेहऱ्यावर दिसायचा, आता पोटात राहतो, एवढाच काय तो फरक. आई मालवणातली. ती म्हणायची, "तुझो राग नाकाच्या शेंड्यार आसा रे, कोणी फुंकर मारली तरी खाली पडतलो." तो राग गिळायला मी अंधेरीत शिकलो, एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत. आणि गिळायला शिकलो त्याच सुमारास माझ्या हातून एक गोष्ट झाली, जी मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. चित्रकलेच्या कॉलेजने मला दोनदा दारातूनच परत पाठवलं होतं. वडील गिरणीतून सुटून अंधेरी पूर्वेला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहायला लागले होते आणि घरात बसून चित्रं काढणाऱ्या मुलाकडे त्यांना बघवत नव्हतं. स्टेशनच्या पश्चिमेला बाजाराच्या गल्लीत हा स्टुडिओ होता. तिथे फिनिशिंग करणारा माणूस हवा आहे असं कुणीतरी सांगितलं आणि मी गेलो. महिन्याभरासाठी, असं मनाशी म्हणत गेलो आणि चार वर्षं तिथेच राहिलो.

आमच्याकडे जिवंत माणसांचं काम पुढच्या खोलीत चालायचं आणि मेलेल्यांचं मागच्या. घरात कुणी गेलं की लोक हाती लागेल तो फोटो घेऊन यायचे. लग्नाच्या घोळक्यातला, सत्यनारायणाच्या पूजेतला, कधी तर तिरडीवर ठेवल्यावर काढलेला. त्यातलं ते एक डोकं उचलून, मोठं करून, भिंतीवर हार घालण्याजोगा फोटो करून द्यायचा. एवढंसं डोकं एवढं मोठं केलं की सगळं भुरकट व्हायचं. मग काजळीची पूड, कापूस, पेन्सिल आणि चार केसांचा ब्रश घेऊन मी त्या भुरक्यातून माणूस बाहेर काढायचो. मिटलेले डोळे उघडायचो. उघड्या अंगावर कोट चढवायचो. एका गृहस्थांनी बायकोच्या गळ्यात चपलाहार काढून घेतला, जो तिला हयातीत कधी मिळाला नव्हता, आणि वर तो ठसठशीत दिसत नाही म्हणून माझ्याशी भांडले.

चुका काढायला सगळे तयार. मेलेल्या माणसाच्या जिवंतपणी त्याच्याकडे ज्यांनी वर मान करून बघितलं नसेल तेही काउंटरवर येऊन सांगायचे, आमच्या अण्णांचं नाक असं नव्हतं. पहिल्या महिन्यात मी एकदा उलट बोललो. "मग फोटोत नाक आहे कुठे? माशी बसलीय तिथे!" असं म्हणालो. मालकांनी मला आत बोलावलं. मालक शांत माणूस, आवाज कधी चढायचा नाही. म्हणाले, "अरे, तो काही तुझ्या चित्राला बोलत नाही. त्याचा बाप गेलाय. चूक काढतोय ना, काढू दे. तू हसायचं, मान हलवायची, चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. आणि मग मुरवायचं."

मुरवायचं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. गिऱ्हाईक गेलं की फोटो पाकिटात घालायचा, त्याने सांगितलेल्या चुकांची चिठ्ठी पाकिटाला टाचायची आणि पाकीट वरच्या फळीवर ठेवून द्यायचं, लोणच्याची बरणी ठेवावी तसं. ब्रश लावायचा नाही. आठवड्याने गिऱ्हाईक आलं की तोच फोटो काढून पुढे ठेवायचा. बहुतेक लोक बघायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "आत्ता कसं! अगदी अण्णा." तेच नाक आणि तीच काजळी असायची.

सुरुवातीला मला याची लाज वाटली. मग गंमत वाटायला लागली आणि शेवटी मी त्यात मालकांच्याही पुढे गेलो. मान हलवायची माझी एक खास लकब तयार झाली. "हो हो, बरोबर आहे तुमचं, माझ्याही लक्षात आलं होतं ते," असं मी म्हणायचो आणि मन लावून चिठ्ठी लिहायचो. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. टीका हसतमुखाने घ्यावी असं हल्ली जो तो सांगतो. मी ती इतकी हसतमुखाने घेत होतो की माझ्यापर्यंत ती पोचतच नव्हती.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात मावशी आली. मढची कोळीण. पहाटे खाडी ओलांडून तरीने वर्सोव्याला यायची, तिथून बसने अंधेरीच्या बाजारात मासळी विकायला. टोपली रिकामी झाल्यावर ती तशीच आमच्या दुकानात शिरली आणि काउंटरवर एक फ्रेम ठेवली. घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो होता. पावसाळ्यात पाणी आत शिरून फोटो काचेला चिकटला होता, आणि कुणीतरी तो सोडवायला गेलं तेव्हा नेमका धाकट्या मुलाचा चेहरा काचेबरोबर निघून आला होता. खांद्यापर्यंत मुलगा होता. त्याच्यावर पांढरा चट्टा.

दिवाळी झाल्यावर हा धाकटा होडीवर गेला आणि वाऱ्यात पाण्यात पडला. बाकीचे परतले. तो सापडला नाही. जाळायलाही काही मिळालं नाही. वय एकवीस, म्हणजे माझंच. त्याचा दुसरा फोटो नव्हता. त्यांच्यात घरात कुणी गेलं की पहिल्या मोठ्या सणाला नातेवाईक दुखवट्याला येतात, आणि यांचा मोठा सण शिमगा. "शिमग्याला लोकं येतील," ती म्हणाली. "त्यान्ला बगाया त्याचं तोंड तरी पायजे."

मालक नाही म्हणणार होते. फोटोच नाही तर फिनिशिंग कसलं? मीच पुढे झालो. खोटं कशाला बोलू, मला दया वगैरे आली नव्हती. मला वाटलं, हे खरं चित्रकाराचं काम. नुसत्या सांगण्यावरून चेहरा उभा करायचा. कॉलेजवाल्यांनी बघायला हवं होतं.

मी तिला समोर बसवून विचारायला लागलो. नाक कसं, कपाळ कसं, कुणासारखा दिसायचा?

"कोनासारका नाय," ती म्हणाली. "त्याच्यासारकाच व्हता."

पहिलं चित्र करायला मला आठ दिवस लागले. कोळ्याचा रुबाबदार तरुण पोरगा, सरळ नाक, मोठे डोळे, बंद ओठांवर किंचित हसू. मला ते फार आवडलं होतं. मावशीने ते हातात घेतलं, दाराच्या उजेडात नेलं आणि भरल्या दुकानात मोठ्याने म्हणाली, "ह्यो माजा नाय."

माझं डोकं सणकलं. पण मी हसलो, मान हलवली, चिठ्ठी घेतली. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. डावी भुवई मधे तुटलेली, लहानपणी वल्ह्याचा दांडा लागला होता. कान बाहेर आलेले, "टोपी घातली तरी भायेर." वरचा ओठ आखूड, त्यामुळे तोंड पुरतं मिटायचंच नाही, दोन दात दिसायचे. उजवा डोळा बारीक करून बघायचा, सावलीत असला तरी. "तू त्याला शेट केलास," ती शेवटी म्हणाली. "त्यो खलाशी व्हता."

इतकं नेमकं मला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की ही बाई माझं चित्र कुरूप करायला निघाली आहे. तुटकी भुवई, सुपासारखे कान, उघडं तोंड! भिंतीवर असं लावतात का कुणी? आई आहे, दुःखात आहे, तिला काय कळतंय, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या चित्रात मी भुवईला जराशी फट पाडली, केसांनी ती झाकली, कान नखभर पुढे काढले आणि बाकी तसंच ठेवलं.

"ह्यो माजा नाय."

तिसऱ्या वेळीही तेच. ती यायची ती दुपारी, माझी जेवणाची वेळ साधून. पदराला हात पुसायची, चित्र दारात न्यायची आणि न चुकता त्याच चार गोष्टी सांगायची. भुवई, कान, ओठ, डोळा. एकदा तर तिने माझा हात धरला आणि माझं बोट आपल्या वरच्या ओठावर टेकवलं. "हितं, हितं आखूड." मी हात काढून घेतला. पुढच्या खोलीतला फोटोग्राफर हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी म्हणालो, "हो मावशी, बरोबर आहे तुमचं, माझ्याही लक्षात आलं होतं ते."

आणि मग मी ते वाक्य बोललो. मला तिच्यापासून पंधरा दिवस सुटका हवी होती, बाकी काही नाही. फार गोड आवाजात मी म्हणालो, "मावशी, असं करा. हा फोटो घरी न्या. देवाजवळ ठेवा. रोज बघा, सावकाश, दिवसातून दहा वेळा बघा. काय काय चुकलंय ते नीट मनात धरा आणि मग या."

तिला ते पटलं. तिने चित्र धुतल्या फडक्यात गुंडाळलं, रिकाम्या टोपलीत ठेवलं आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी आत जाऊन मालकांना सांगितलं, आता बाई महिनाभर येत नाही. मालक म्हणाले, "शिकलास."

ती तीन आठवड्यांनी आली. पूर्वीसारखी तरातरा आली नाही. चित्र काउंटरवर ठेवून उभी राहिली. मी चिठ्ठी घेऊन तयार होतो. "सांगा मावशी, काय चुकलंय?"

"कान..." ती म्हणाली आणि थांबली. "कान मी कसं बोल्लेले?"

"बाहेर."

"हां. भायेर." तिने चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पन येवडं नसंल. आन त्यो डोला... कंचा डोला रं?"

मी सांगितलं नाही. चिठ्ठी माझ्या हातात होती, त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, उजवा. मी म्हणालो, "तुम्हीच आठवा मावशी. घाई नाही." तिच्या कपाळावर घाम आला. घरात काही हरवलं की माणूस पुन्हा पुन्हा तोच कोनाडा चाचपतं, तसं तिचं चाललं होतं, आणि मी समोर उभा राहून बघत होतो. मला वाटलं, थकली एकदाची. मी जिंकलो. हेच शब्द माझ्या मनात आले होते, मी ते बदलून सांगणार नाही.

चित्र ठेवून घेतलं आणि मुरवलं. ब्रश लावला नाही. शिमग्याच्या आठवडाभर आधी ती आली, मी तेच तिच्या हातात दिलं. ती दारात गेली. खूप वेळ उभी राहिली. मग तिने तळहात चित्रातल्या गालावर ठेवला आणि म्हणाली, "ह्योच. ह्योच माजा." आणि रडायला लागली. मालकांनी तिच्यासाठी चहा मागवला. ती गेल्यावर त्यांनी माझी पाठ थोपटली. मला त्या दिवशी झकास वाटलं होतं, अगदी खरं सांगतो.

शिमगा होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील. एक तरुण काउंटरवर आला. खारदांड्याचा कोळी, गेलेल्या मुलाचा दोस्त. एका जत्रेत दोघांनी मिळून काढलेला फोटो त्याच्या खिशात होता. पुठ्ठ्याच्या विमानात बसलेले दोघे, विमानाच्या मागे रंगवलेले ढग. फोटो एवढासा, पण लख्ख.

"भाऊ, मढला म्हातारीच्या घरात तुम्ही फोटो दिलाय ना," तो म्हणाला, "तो कोण हाय?"

मी म्हणालो, "तिचा मुलगा."

"नाय ना यार. तो हा हाय." त्याने विमानातल्या एकावर बोट ठेवलं. "मी दुखवट्याला गेलो. हार बीर घातलेला. बघितला आणि माझी वाटच लागली. म्हातारी बाजूला बसलेली, बोलते, बघ तुझा दोस्त कसा हसतोय. घरातले पण कोण बोलत नाय, म्हातारीला धक्का बसेल म्हणून. काय बोलणार मी? गपचूप पाया पडलो त्याच्या. कोणाच्या पडलो काय माहीत." त्याला हा फोटो तिला नेऊन द्यायची हिंमत होत नव्हती. यावरून नीट चित्र करा आणि तुम्हीच तिला द्या, असं म्हणून तो फोटो ठेवून गेला.

मी मागच्या खोलीत जाऊन भिंग घेतलं. डावी भुवई मधोमध तुटलेली होती. डोक्यावर जत्रेतली टोपी होती आणि कान तिच्या बाहेर. वरचा ओठ आखूड, दोन दात दिसत होते. उजवा डोळा बारीक. मी फळीवरून तिचं जुनं पाकीट काढलं आणि चिठ्ठी त्या फोटोशेजारी ठेवली. एकही शब्द चुकलेला नव्हता. चेहरा काचेबरोबर निघून गेला होता, पण तिच्याजवळ तो अख्खाच्या अख्खा होता, आणि ती तो मला एकेक करून हातात देत होती. आणि मी मान हलवत होतो.

मी मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी फोटो आणि चिठ्ठी दोन्ही हातात घेऊन बघितलं. मग म्हणाले, "तिला समाधान मिळालं होतं ना? मग आता कशाला खाजवतोस? फोटो त्या पोराला परत दे." मालकांचं चुकलं असं मला अजूनही ठामपणे म्हणता येत नाही. पण मला थांबवेना. मला वाटत होतं, ती हा फोटो बघेल, मला शिव्या देईल, कोळणीच्या असतात तशा सणसणीत, आणि मग सगळं ठीक होईल. मी त्या शिव्यांसाठी आसुसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारात गेलो. मला बघून तिचा चेहरा फुलला. "बाला, तू हितं?" म्हणाली आणि माझ्यासाठी दोन पापलेटं बाजूला काढायला लागली. मी नको नको म्हणत तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि फोटो पुढे केला. तिने हात पाण्यात बुडवले, पदराला पुसले, फोटो कडेने धरला.

"ह्यो खारदांड्याचा," ती दोस्तावर बोट ठेवून म्हणाली. "चांगला पोर हाय. आन ह्यो कोन?"

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्या तोंडावरून तिला कळलं. पुन्हा फोटोकडे बघितलं. फोटो जवळ नेला, लांब धरला, अंगठ्याने दोस्ताला झाकून एकट्यालाच बघितलं. शेजारची कोळीण गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती, तिचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"ह्यो हाय व्हय?" ती अगदी हळू म्हणाली.

"हो मावशी. तुम्ही सांगितलं तसाच आहे. भुवई बघा."

तिने भुवई बघितली. मग डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ तशीच बसली. ओठ हलत होते. डोळे उघडले तेव्हा ती घाबरलेली होती. "मना त्यो येत नाय रं," ती म्हणाली. "डोले मिटले का तू काडलेलाच येतो. तूच बोल्ला ना, रोज बग, धा येला बग. मी बगत व्हते. त्याच्याशीच बोलत व्हते."

शिवी तिने दिली नाही. मासे मात्र कागदात बांधून दिले. ते मी घरी नेले. आईने विचारलं, कुठून आणलेस, तर मी तिच्यावर खेकसलो आणि न जेवता उठलो.

त्यानंतरचे दहा दिवस मी जितकं मन लावून काम केलं तितकं पुढे आयुष्यात कधी केलं नाही. जत्रेतला फोटो मोठा करून घेतला आणि त्यावर बसलो. तुटकी भुवई केसान् केस काढली. आखूड ओठ, दोन दात, त्यांतल्या एकाची कड उडालेली होती, तीही काढली. कान काढले. कॉलेजवाल्यांची आठवणही झाली नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. हा चेहरा इतका खरा करायचा की तिच्या आत कुठेतरी दडलेला तो उठून वर येईल. माणूस असा पुसला जात नाही, असं मी स्वतःला घोकून सांगत होतो. सात वर्षांपूर्वी गेलेल्या माझ्या आजीचा चेहरा मी रोज डोळे मिटून आठवून बघत होतो, आणि तो आला की मला धीर यायचा. एक दिवस तो नीट आला नाही, तेव्हा मी ब्रश खाली ठेवून खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या.

चित्र झालं. दोस्ताला दाखवलं. तो बघतच राहिला आणि भर दुकानात त्याचं नाव घेऊन त्याला हाक मारल्यासारखं बोलला. तेव्हा मला आशा वाटली.

रविवारी तरीत बसून मढला गेलो. घर समुद्राच्या अंगाला होतं, अंगणात मासळी वाळत घातली होती. आत भिंतीवर माझा शेट बसला होता, सरळ नाकाचा, मिटल्या ओठांनी हसणारा, गळ्यात हार. मला त्याच्याकडे बघवेना. मोठा मुलगा आणि सून कुठे बाहेर गेली होती. मावशी एकटीच होती. मी नवं चित्र कागदातून सोडवलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

ती बघत राहिली. मी वाट बघत राहिलो.

"चांगला हाय," ती म्हणाली.

एवढंच. गिऱ्हाइकाने असं म्हणावं म्हणून मी तोवर काय काय केलं होतं! मी खिशातून चिठ्ठी काढली आणि तिला तिचेच शब्द वाचून दाखवले. वल्ह्याचा दांडा. टोपी घातली तरी बाहेर. त्यो खलाशी व्हता. ती लहान मुलीसारखी लक्ष देऊन ऐकत होती.

"मी बोल्लेले आसं?" तिने विचारलं. "मंग आसंल."

"मावशी, नीट बघा ना," मी म्हणालो. "कुठेतरी चुकलं असेल. नाक बघा. हनुवटी बघा, ती तुम्ही कधी सांगितलीच नव्हती, ती मी नुसती फोटोवरून काढलीय. केस असेच होते? मान? काहीतरी सांगा. मी पुन्हा करतो. दहा वेळा करतो." मी तिच्या पायाशी बसलो होतो आणि तिचा हात माझ्या दोन्ही हातांत होता. "एक तरी चूक काढा मावशी."

तिने हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने चित्रावरची धूळ पुसली, जी तिथे नव्हती. भिंतीकडे बघितलं, मग मांडीवरच्याकडे, मग माझ्याकडे. तिला माझीच कीव आल्यासारखी वाटली.

"चूक कशी काडू, बाला," ती म्हणाली. "चूक काडाया त्यो आठवाया नको?"